सैल फळीचं शहाणपण

बेंगळुरूत फर्निचर घ्यायला आता घराबाहेरही पडावं लागत नाही. अर्बन लॅडर ही कंपनी २०१२ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि २०२० मध्ये रिलायन्सच्या पदरात पडली. जून २०२२ मध्ये नागसंद्र्याला आयकिया उघडलं, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. ‘वारसा’ हा शब्द तर हल्ली प्रत्येक कॅटलॉगवर असतो. पण जुना सुतार नेमकं काय जपत होता?

एखाद्या जुन्या कपाटाचं दार जवळून बघा. चौकटीला आतून खाच असते आणि मधली फळी त्या खाचेत नुसती सरकवलेली असते. तिला ना सरस, ना खिळा. लाकूड कापल्यावरही हलतं. पावसाळ्यात ते रुंदीत फुगतं, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. फळी चारी बाजूंनी चिकटवली तर ती तडकते, नाहीतर चौकटीचे सांधे उसवते. म्हणून तिला हलायला जागा ठेवायची.

त्याआधी वाळवण. हवेवर वाळवायचं तर इंचामागे साधारण एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे तीन इंची सागवानी पायांसाठी तीन वर्षं पैसा वखारीत अडकून पडणार. भट्टीत हेच काम काही आठवड्यांत होतं, आणि नीट केलं तर त्यात वावगं काही नाही. तरी माझ्या मते जुन्या पेढीची खरी पत तिच्या कोरीव कामावरून नाही, वखारीतल्या या सबुरीवरून ठरायची.

दुसरी गोष्ट, वस्तू पुन्हा उघडता यायची. सरस ऊब आणि ओल लागली की मऊ पडतो. सांधा सोडवून नवा पाय बसवता येतो. लाखेचं पॉलिश स्पिरिटने विरघळतं, त्यामुळे नवा हात जुन्यात मिसळून जातो. पार्टिकल बोर्डातला स्क्रू एकदा निघाला की दुसऱ्यांदा नीट धरत नाही. प्लायवुडला मात्र सरसकट नावं ठेवू नयेत. त्यावर संशोधन करणारी संस्था १९६२ मध्ये बेंगळुरूतच सुरू झाली.

परंपरा म्हणजे जुनं ते सगळं धरून बसणं, असंही नाही. म्हैसूरच्या शिसवी जडावकामाला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात एके काळी हस्तिदंत जडवत. कायद्याने तो बंद झाला, तेव्हा कारागिरांनी पांढऱ्यासाठी प्लास्टिक आणि पिवळ्यासाठी फणसाचं लाकूड घेतलं. शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१७ पासून परवान्याखाली आहे. म्हणूनच आजीचा शिसवी पलंग ‘फ्लॅटमध्ये मावत नाही’ म्हणून भंगारात देणाऱ्यांचा मला राग येतो. सांधे सुटे करून तो जिन्यावरून नेता येतो की!

नवं घेणार असाल तर ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि कोपरा बघा: लाकडात लाकूड गुंतलंय, की नुसत्या पिना मारल्यात? ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते दुकानदाराला लावून दाखवायला सांगा. आकडा १२ टक्क्यांच्या फार वर गेला तर घेऊ नका. आणि सागवान म्हणून भलतंच गळ्यात मारतायत अशी शंका आली, तर मल्लेश्वरमच्या काष्ठ विज्ञान संस्थेत तुकडा द्या. तिथे लाकूड ओळखून देतात.