गृहविमा

गृहविमा : राहते घर व त्यातील चीजवस्तू यांची आग, पूर, भूकंप, वादळ इ. आपत्तींमुळे झालेली हानी हप्त्याच्या मोबदल्यात भरून देण्याचा करार. हा सर्वसाधारण विम्याचा एक प्रकार असून त्याचा उगम अग्निविम्यात आहे. १६६६ मध्ये लंडन शहराचा मोठा भाग आगीत जळाल्यानंतर निकोलस बार्बन याने १६८० च्या सुमारास तेथे घरांच्या विम्याचा व्यवसाय सुरू केला. भारतात सर्वसाधारण विमा व्यवसायाचे १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमासंस्थांचे चार कंपन्यांत विलीनीकरण झाले. २००० पासून हे क्षेत्र खाजगी कंपन्यांनाही खुले झाले. मालमत्तेच्या विम्याचे दर पूर्वी सर्वत्र सारखे व ठरवून दिलेले असत. १ जानेवारी २००७ पासून ते बंधन उठले. तेव्हापासून एकाच घरासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे हप्ते निरनिराळे असू शकतात आणि ग्राहकाला निवड करण्यास खऱ्या अर्थाने वाव मिळाला.

पुणे शहराचा अनुभव या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचे धरण भंगले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे जमीनदोस्त केली. त्या काळच्या मूळ अग्निविमापत्रात आग व वीज यांच्या जोखमी मुख्य असत. पुराची जोखीम जादा हप्ता भरून जोडून घ्यावी लागे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीने आंबील ओढ्याला आलेल्या पुरात सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळून प्राणहानी झाली, तर २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यालगतच्या वस्तीत नदीचे पाणी शिरले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा व ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ध्यानात घेता पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यातील घरमालकाला भूकंपाची जोखीमही सोडून देता येत नाही.

शहराच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या मांजरी बुद्रुक या गावाचा ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत समावेश झाला. द्राक्ष संशोधन केंद्र व वसंतदादा साखर संस्था यांमुळे परिचित असलेल्या या शेतीप्रधान गावात गावठाणातील जुनी घरे, शेतातील बंगले व नव्या बहुमजली इमारती शेजारीशेजारी आढळतात. या तिन्हींच्या विम्याच्या गरजा एक नाहीत. गावठाणातील घरमालकाला विमा घेताना भिंती व छपराचा प्रकार खराखरा सांगावा लागतो. बंगल्याच्या मालकाने कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी व सौर पट्ट यांचे मूल्य विम्यात धरले आहे की नाही, हे पाहावे लागते. सदनिकाधारकाला आधी सोसायटीकडे चौकशी करावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेने इमारतीचा आग व भूकंप यांविरुद्ध विमा उतरविणे अपेक्षित असून त्याचा खर्च सभासदांकडून सदनिकेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घेतला जातो. असा पुरेसा विमा चालू असल्यास सदनिकाधारकाने केवळ घरातील चीजवस्तूंचा विमा घेणे इष्ट. एकाच इमारतीचे दोन विमे उतरविल्याने भरपाई दुप्पट होत नाही. दोन्ही कंपन्या मिळून प्रत्यक्ष नुकसानाइतकीच रक्कम देतात. भाडेकरूला इमारतीच्या विम्याचे प्रयोजन नसते.

विमा रकमेची निश्चिती : गृहविम्यात सर्वाधिक चुका येथेच होतात. सदनिकेच्या बाजारभावात जमिनीच्या किंमतीचा मोठा वाटा असतो. पण जमीन जळत नाही. म्हणून विमा उतरवावयाचा तो बाजारभावाचा नव्हे, तर तीच वास्तू पुन्हा बांधण्यास येणाऱ्या खर्चाचा. समजा, मांजरीतील एका सदनिकेचे चटई क्षेत्रफळ ६५ चौ. मी. असून बांधकामाचा दर चौ. मी. ला ३०,००० रु. आहे. तर विमा रक्कम १९,५०,००० रु. होईल. तीच सदनिका ६० लाख रुपयांस घेतली म्हणून मालकाने तेवढ्या रकमेचा विमा उतरविला, तर हप्ता तिपटीहून अधिक पडेल आणि भरपाई मात्र पुनर्बांधणीच्या खर्चापुरतीच मिळेल. हप्त्यातील बचतीचा याहून मोठा मार्ग क्वचितच सापडतो.

उलट, रक्कम कमी दाखवून हप्ता वाचविण्याची युक्ती अंगाशी येते. जुन्या धर्तीच्या विमापत्रांत सरासरीचे कलम असते. २० लाख रुपयांच्या मालमत्तेचा १० लाखांचाच विमा असेल आणि ४ लाखांची हानी झाली, तर त्या कलमानुसार विमेदाराला २ लाखच मिळतात. उरलेल्या अर्ध्या जोखमीचा तो स्वतःच विमाकर्ता ठरतो. आगीनंतर हे कलम प्रथमच वाचणारे विमेदार थोडे नाहीत.

या अडचणीवर उपाय म्हणून भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र अंमलात आणले. त्यात आग, स्फोट, वीज, भूकंप, पूर, वादळ, दरड कोसळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे इ. जोखमी अंतर्भूत आहेत. कमी विम्याच्या कारणावरून या विमापत्राखाली भरपाई कापली जात नाही. मात्र ती विमा रकमेपलीकडे जात नाही. इमारतीच्या विम्याबरोबर सर्वसाधारण घरसामानाचा तिच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांइतका, परंतु कमाल १० लाख रुपयांचा विमा यादी न देताही आपोआप लागू होतो. वरील उदाहरणात तो ३,९०,००० रु. होईल. सामान अधिक मोलाचे असल्यास वाढीव रक्कम जाहीर करावी लागते. दागिने व कलावस्तू यांसाठी जादा हप्त्याचे स्वतंत्र कलम घ्यावे लागते. मुदत दहा वर्षांपर्यंत असू शकते व इमारतीची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. शब्दरचना सर्व कंपन्यांची सारखीच असल्याने ग्राहकाने तुलना करावयाची ती हप्त्याची, दीर्घ मुदतीच्या सवलतीची व दावे मिटविण्याच्या तत्परतेची.

या विमापत्राच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. चोरीची भरपाई मिळते ती आगीसारख्या अंतर्भूत आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीची. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो. नव्या इमारतीचा पाया नेहमीप्रमाणे बसल्याने पडणारे तडे व सदोष बांधकाम यांचा त्यात समावेश नाही. झपाट्याने बांधकामे होत असलेल्या उपनगरांत तक्रारी बहुधा याच स्वरूपाच्या असतात, त्यामुळे ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. वाहनतळात बुडालेली मोटार गृहविम्यात येत नाही. तिची भरपाई वाहनविम्यातून मागावी लागते. स्वयंपाकाच्या गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी स्वतः सार्वजनिक दायित्व विमा घेतलेला असतो आणि नोंदणीकृत ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरील मालमत्तेच्या हानीलाही तो मर्यादित प्रमाणात लागू पडतो. पुष्कळ कुटुंबांना त्याची माहितीच नसते.

गृहकर्जासोबत विकला जाणारा विमा अनेकदा कर्जदाराच्या जीविताचा असतो. कर्जदाराच्या मृत्यूनंतर त्यातून कर्ज फिटते; घर जळाल्यास त्याचा उपयोग नाही. घराचाच विमा घेतलेला असला, तरी तो कर्जाच्या रकमेपुरता आहे की पुनर्बांधणीच्या संपूर्ण खर्चाचा, याची खात्री करून घ्यावी लागते, कारण कर्ज फिटत जाते तसतसे या दोन रकमांतील अंतर वाढते. विमापत्रावर बँकेचे नाव असेल, तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो.

हानी झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवावे लागते. आगीच्या बाबतीत अग्निशामक दलाचा अहवाल, चोरीच्या बाबतीत पोलिसांकडील फिर्याद आवश्यक असते. मोठ्या नुकसानाची पाहणी परवानाधारक सर्वेक्षक करतो. सामानाची छायाचित्रे व पावत्या घराबाहेर, उदा., नातलगाकडे वा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेल्या असल्यास त्या वेळी उपयोगी पडतात. घरातल्या कपाटातील पावत्या कपाटाबरोबरच नष्ट होतात. कंपनीचा निर्णय मान्य नसल्यास प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी लागते आणि महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. लोकपालांचे एक कार्यालय पुण्यात असून ५० लाख रुपयांपर्यंतच्या मागण्यांचा निवाडा करण्याचा अधिकार त्यांना २०२३ पासून आहे.