लोणी भापकरचे वीरगळ आणि नावांचा प्रश्न

एखाद्या गावाला इतिहास आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात देऊळ, वाडा, वेस आणि बारव एवढेच असते. गावकुसाबाहेरच्या वस्तीलाही इतिहास असतो, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखकांच्या अजून अंगवळणी पडलेली नाही. बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. तेथील अवशेषांचे कौतुक पुष्कळ होते. ते खोडून काढण्याचा माझा हेतू नाही. हे दगड वाचायचे कसे, आणि त्यांत कोण आलेले नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

लोणी भापकर तालुक्याच्या जिराईत भागात येते. इथे पाणी हीच खरी संपत्ती. मल्लिकार्जुनाचे मंदिर यादवकालीन धाटणीचे आहे आणि त्याला लागून दगडात बांधलेली पुष्करणी आहे. खाली उतरायला पायऱ्या, भिंतींत देवकोष्ठे आणि काठावर खांबांचा मंडप. याच परिसरात यज्ञवराहाची मूर्ती आहे. तिच्या अंगावर विष्णूच्या लहान लहान आकृती झुलीसारख्या कोरल्या आहेत. आज इथे शिवाची पूजा होत असली, तरी हे स्थान मूळचे वैष्णव असावे, असा तर्क यावरून अभ्यासक करतात. म्हणजे दगड तोच राहतो, देव बदलतो. वास्तूचा अर्थ कायमचा ठरलेला नसतो, हे इथे प्रथम ध्यानात घ्यावे.

गावात वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्याला कलश. बाजूला चंद्रसूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर ही कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. खाली गाई दाखवल्या असतील तर गोधन राखताना आलेले मरण समजावे. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कीर्ती चंद्रसूर्य असेतो टिकायची, पण ती कोणाची, हे दगड सांगत नाही.

ज्यांनी असली देवळे उभारली त्यांची स्थिती याहून वाईट. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवणारे, खाणीतून दगड फोडून तो ओढून आणणारे हात कोणाचे होते? देवळांच्या शिलालेखांत राजाचे व दात्याचे नाव येते, भार वाहणाऱ्याचे येत नाही. वीराला निदान आकृती मिळाली. श्रम करणाऱ्याला तीही मिळाली नाही.

याच पुणे जिल्ह्यात एक दगड असा आहे की ज्यावर आपली नावे अक्षरांत आहेत. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे कंपनीच्या फौजेची पेशव्याच्या सैन्याशी लढाई झाली आणि १८२१ साली तेथे स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावरील मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावे शेवटच्या 'नाक' या प्रत्ययावरून महार सैनिकांची ठरतात. इंग्रजांनी हे प्रेमापोटी केले नाही. तो त्यांच्या सत्तेचा विजयस्तंभ होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच महारांची सैन्यभरती त्यांनी बंद केली. पण अक्षर एकदा कोरले की ते कोरणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी त्या नावांचा दाखला देऊन सैन्यप्रवेशाची मागणी केली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. परक्या सत्तेचे स्मारक आपल्या स्वाभिमानाचे स्मारक झाले.

त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता. तळ्याचा हक्क न्यायालयात शाबीत व्हायला मात्र १९३७ साल उजाडले. चवदार तळ्यावर यज्ञवराह नाही, पण महाराष्ट्रात त्याहून मोठे ऐतिहासिक स्थळ मला दिसत नाही. वास्तूला मोठेपण कोरीवकामाने येते, तसे ते तिथे माणसे कशी वागली यानेही येते.

हे ध्यानात ठेवून पुन्हा लोणीच्या पुष्करणीकाठी उभे राहा. गावगाड्यात महार हा वेसकर होता, शिवेचा साक्षीदार होता. दोन गावांचा तंटा पडला की त्याच्या साक्षीवर हद्द ठरे. ज्याचा शब्द शिवेसाठी प्रमाण, त्याचा स्पर्श पाण्याला विटाळ! गावोगावच्या पाणवठ्यांची ही रीत होती. ही विसंगती सांगितल्यावाचून कोणत्याही बारवेची माहिती पुरी होत नाही.

१९५८ च्या कायद्याने महारकी वतन गेले. त्याबरोबर वतनाची कामे, शिवेच्या खुणा आणि गावकुसाबाहेरच्या विहिरींच्या आठवणीही झपाट्याने जात आहेत. पुरातत्त्वाचा कायदा जुनेपणा व कलाकुसर पाहतो. वस्तीच्या विहिरीला ती नसते, म्हणून ती बुजवली तरी कोणी हळहळत नाही.

तेव्हा हे काम आपल्याच तरुणांना करावे लागेल. आपल्या गावचे वीरगळ मोजा, त्यांच्या चौकटी उतरवून घ्या, उघड्यावर पडलेले असतील तर सावलीत नीट उभे करा. त्याच वहीत वस्तीची विहीर कोणी खणली, कोणत्या वर्षी गावच्या पाण्याला पहिला हात लागला, तो कोणाचा होता, त्यानंतर काय झाले, हेही म्हाताऱ्या माणसांना विचारून नावानिशी लिहा. वीरगळावर नाव कोरायचे राहून गेले, ते आता कोणाला कळणार नाही. या माणसांची नावे अजून विचारता येतात.