शरणपुरात कोण शरण आलं होतं?

शरणपूर रोडवर मी बत्तीस वर्षं राहतो आहे. घराचा पत्ता लिहिताना हे नाव हातून हजारदा तरी उमटलं असेल. शाळेत असताना एकदा बाईंना विचारलं होतं, "शरणपूर म्हणजे कोण कोणाला शरण गेलं?" बाई म्हणाल्या, रामाला कुणीतरी शरण आलं असेल. नाशिकमध्ये हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं, त्यामुळे मी गप्प बसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. गेली काही वर्षं मी त्याच्याच मागे आहे.

त्याआधी आजच्या शरणपूर रोडबद्दल थोडं. नाशिकमध्ये घर शोधणाऱ्या तरुण जोडप्याला विचारा, कुठं हवं? उत्तर ठरलेलं असतं: कॉलेज रोड, गंगापूर रोड, नाहीतर शरणपूर रोड-पंडित कॉलनीचा पट्टा. का? तर मुलांची शाळा. बॉइज टाउन, डॉन बॉस्को, भोंसला. पुढं एचपीटी, आरवायके, बीवायके, केटीएचएम. सायकलवर टांग टाकली की बालवाडीपासून पदवीपर्यंतचा प्रवास दोन-तीन किलोमीटरांत आटोपतो. बिल्डरच्या फलकावर स्वयंपाकघराच्या ओट्याआधी शाळेचं अंतर छापलेलं असतं आणि जुन्या, गळक्या इमारतीतला दोन खोल्यांचा फ्लॅटही त्या अंतराच्या भावानं विकला जातो.

पण नावं नीट वाचली तर जमिनीची आठवण अजून शिल्लक आहे. येवलेकर मळा, विसे मळा, कुलकर्णी बाग. हे सगळं शेत होतं, विहिरी होत्या, मोट होती. आणि या शेतांत आधी आल्या त्या शाळा, घरं नंतर. गंगापूर रोडला मराठा समाजातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी उदोजी मराठा बोर्डिंग उभं राहिलं. त्याच्या कोनशिलेसाठी एप्रिल १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराज नाशिकला आले होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या स्मरणार्थ १९१८ मध्ये सुरू झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीनं प्राचार्य टी. ए. कुलकर्णींच्या धडपडीतून १९२४ मध्ये नाशिकला कॉलेज काढलं, आणि कॉलेज रोडला नाव मिळालं. डॉ. मुंज्यांची भोंसला मिलिटरी स्कूल १९३७ ची. सिन्नरच्या विडी उद्योगातल्या क्षत्रिय घराण्याचं नाव बीवायके कॉलेजला लागलं ते १९५७ चं. हे सारं नाशिककरांना पाठ आहे, त्यात मी फार रेंगाळत नाही. एवढंच लक्षात ठेवावं की यातल्या कित्येक संस्थांच्या मुळाशी वसतिगृह आहे. दिवाळीत ज्या मैदानावर आपण फटाके घ्यायला जातो, त्या डोंगरे वसतिगृहाच्या नावातही ते आहेच. ज्यांना शहरात घर नव्हतं, त्यांच्यासाठी या शाळा होत्या.

या रांगेत सगळ्यांत जुनं शरणपूर.

१८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या पश्चिमेला, गावाबाहेर, ख्रिस्ती वस्ती वसवली. अनाथ मुलं, धर्मांतरामुळं घरातून तुटलेली माणसं, त्यांच्यासाठी शाळा आणि कामाची जागा. त्या वस्तीचं नाव शरणपूर. शरण आलेल्यांचं गाव. बाईंचं उत्तर अर्धं तरी बरोबर होतं, फक्त देव दुसरा होता.

आणि मग १८६० च्या सुमारास तिथं अशी मुलं आली, ज्यांची नाशिकनं कधी कल्पनाही केली नसेल. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी मुलं. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी ही गलबतं समुद्रात अडवली की सुटका झालेल्यांचं करायचं काय, हा प्रश्न पडे. परत सोडलं तर पुन्हा पकडले जाणार. काहींना एडनला ठेवलं, काहींना मुंबईला. मुंबईतल्या मुलांपैकी बरीच शरणपूरला पाठवली गेली. याओ जमातीची, न्यासा सरोवराच्या बाजूची, आठ-दहा वर्षांची पोरं. त्यांच्या गावांची नावं त्यांनाही नीट सांगता येत नव्हती. शरणपूरच्या शाळेत ती लिहायला-वाचायला शिकली, इंग्रजी शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. आजच्या कॅनडा कॉर्नरच्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर.

त्यांची जुनी नावं मात्र गेली. मिळाली ती मिशननं दिलेली. एकाचं नाव सायमन प्राइस, म्हणजे थेट साहेबांचं आडनाव. दुसऱ्याचं रिचर्ड आयझेनबर्ग, तेही एका मिशनऱ्याचं आडनाव. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही. आसरा द्यायचा आणि त्याबदल्यात नाव काढून घ्यायचं, हा व्यवहार मुलांना विचारून झालेला नव्हता. तरीही त्या शाळेनं त्यांच्या हातात जे दिलं, ते त्यांनी पुढं स्वतःच्या मर्जीनं वापरलं. माझं कुतूहल तिथं अडकलं.

सप्टेंबर १८६५ मध्ये आफ्रिकेत फिरणारा शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईला उतरला. नाईल नदीचा उगम शोधण्याच्या शेवटच्या मोहिमेसाठी त्याला माणसं हवी होती. तो नाशिकला आला आणि शरणपूरच्या शाळेतली नऊ मुलं त्याच्याबरोबर गेली. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत ती 'नासिक बॉइज' म्हणून येतात. साहेब त्यांच्यावर वारंवार चिडलेला दिसतो: आळशी आहेत, चालत नाहीत, ओझं उचलत नाहीत. मला विचाराल तर रोजनिशीची ही पानं मुलांपेक्षा साहेबाबद्दल जास्त सांगतात. दलदल, उपासमार, ताप, आणि ज्या मुलखातून आपल्याला लहानपणी ओढून नेलं त्याच मुलखात परत चालत जायचं. रिचर्ड आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी आजारात गेला. काही वाटेत सोडून गेले. त्यातला एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत टिकला. १८७१ मध्ये त्याला शोधत आलेल्या स्टॅन्लीनं आफ्रिकेतल्या उजिजीला लिव्हिंग्स्टनला गाठलं तेव्हाही तो बरोबर होता.

१८७२ मध्ये शरणपूरहून आणखी सहा जण लिव्हिंग्स्टनकडे निघाले. त्यात जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते.

मे १८७३. आजच्या झांबियात चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन पलंगाशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. त्याचे सोबती एकत्र बसले. सामान उघडताना प्रत्येक वस्तूची नोंद झाली पाहिजे, नाहीतर उद्या आपल्यावर चोरीचा आळ येईल, एवढं त्यांना कळत होतं. लिहायचं काम जेकबकडे आलं. एकेक पेटी उघडत गेली आणि तो यादी करत गेला. शरणपूरच्या वर्गात घटवलेलं अक्षर त्या झोपड्यांमध्ये, मृताच्या सामानाची यादी लिहायला कामी आलं. मग त्यांनी साहेबाचं काळीज एका झाडाखाली पुरलं, जेकबनं दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. देह मिठात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन निघाले.

वाटेत ताबोऱ्याजवळ त्यांना लेफ्टनंट कॅमेरून भेटला. लिव्हिंग्स्टनच्या मदतीला निघालेला इंग्रज अधिकारी. त्यानं सांगितलं, इथंच पुरा, कशाला जीव धोक्यात घालता. त्यांनी ऐकलं नाही. एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या सल्ल्याला या माणसांनी सरळ नकार दिला आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये देह किनाऱ्यावर बागामोयोला आणून पोचवला. तिथून इंग्लंडला जाण्याचा मान जेकबला मिळाला, कारण त्याचं भाडं मिशननं भरलं. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीजवळच्या मानकऱ्यांमध्ये तो उभा होता. अगदी तरुण.

पण पुढं काय झालं? लिव्हिंग्स्टनच्या रोजनिश्या संपादित केल्या होरेस वॉलर यांनी. शेवटच्या दिवसांसाठी त्यांनी मुख्यतः सुसी आणि चुमा या दुसऱ्या दोघा सोबत्यांच्या तोंडी हकिकतीवर भिस्त ठेवली. जेकबवर त्यांची मर्जी नव्हती. आणि जेकबजवळ स्वतःची लिहिलेली डायरी होती! १८७४ मध्ये तिचा जर्मन अनुवाद छापला गेला, पण इंग्रजी हस्तलिखित जवळजवळ दीडशे वर्षं बाजूला पडून राहिलं. आता ते स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरला, लिव्हिंग्स्टनच्या जन्मस्थळाच्या संग्रहालयात आहे आणि २०१९ पासून त्याची पानं संगणकावर कुणालाही पाहता येतात. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूबद्दल तिथं हजर असलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं म्हणून ते एकमेव.

मी ती पानं पाहिली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. मी किती तरी वेळ मजकूर वाचलाच नाही, नुसतं वळण पाहत बसलो. हे वळण माझ्या गल्लीत शिकवलेलं होतं. जेकब १८९२ मध्ये टांगानिकाच्या मुलखात, उरांबोला वारला. नाशिकमध्ये त्याच्या नावाचा रस्ता नाही, चौक नाही, पाटी नाही. ही आपली चूक आहे आणि ती दुरुस्त करायला फार खर्च येणार नाही.

शरणपूरचं आफ्रिकी पर्व १८७५ च्या आसपास आटोपलं. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या प्रयत्नांतून मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांची नवी वसाहत निघाली, फ्रियर टाउन. ती वसवायला तेच प्राइससाहेब गेले आणि शरणपूर-मुंबईकडची सुमारे दीडशे माणसं तिथं पोचली. सुतार, लोहार, शिक्षक. तिथले लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. त्यांच्याआधीच, १८६४ मध्ये, विल्यम जोन्स नावाचा त्यांच्यातला लोहार तिकडे गेला होता. पुढं तो पाद्री झाला. मोंबासाजवळच्या रबाईतल्या त्याच्या मिशनमध्ये मालकांकडून पळून आलेले शेकडो गुलाम लपून राहत. गुलाम परत करावेत, असं वरच्या साहेबांचं म्हणणं. जोन्स आसरा देतच राहिला. शेवटी १८८९ च्या पहिल्या दिवशी इंग्रज कंपनीनं मालकांना पैसे मोजून हजारावर माणसांना मुक्तीचे दाखले दिले. ज्याला लहानपणी आसऱ्याची जागा मिळाली होती, त्यानं ती दुसऱ्यांना कशी द्यावी, याचा हा वस्तुपाठ वाचताना मला वारंवार थांबावं लागलं.

फ्रियर टाउनच्या चर्चजवळ एक घंटा होती. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की ती वाजवायची. घंटेला स्वाहिलीत केंगेले म्हणतात. आज मोंबासाचं ते उपनगर घरांनी, दुकानांनी गच्च भरलेलं आहे आणि तिथल्या चौकाला केंगेलेनी म्हणतात: घंटेपाशी. मॅथ्यू वेलिंग्टन, मूळचा चेंग्विम्बे, मोंबासातच म्हातारा झाला आणि १९३५ मध्ये वारला. लिव्हिंग्स्टनचं शव वाहणाऱ्यांपैकी अखेरचा.

गेल्या वर्षी हे सारं टिपणवहीत उतरवत होतो, तेव्हा आमच्या सोसायटीचा वॉचमन घरी आला. मुलीसाठी आरटीईचा अर्ज भरायचा होता. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब घरांतल्या मुलांसाठी असतात. २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून त्यातून पळवाट काढली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केली. अर्जात नकाशा येतो. त्यावर आपल्या घराची खूण करायची, मग जवळच्या शाळा दिसतात. एका किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी. त्यानं बोटानं नकाशा सरकवत जिन्याखालच्या खोलीवर खूण ठेवली. चांगल्या चांगल्या शाळा भराभर दिसू लागल्या. असा पत्ता मिळवायला लोक कर्ज काढतात.

मग पत्त्याचा पुरावा मागितला. भाडेकरार हवा, तोही नोंदणी केलेला. त्याच्याकडे काहीच नव्हतं. खोली सोसायटीची, तो एजन्सीचा, आधार कार्ड पेठ तालुक्यातल्या पाड्याचं. मी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. एकानं विचारलं, उद्या त्यानं खोली सोडली नाही तर? दुसरे म्हणाले, आपल्या मुलांना कुणी आरटीई दिला होता? पाऊण तास बोलणं झालं. अखेर अकरा महिन्यांचा करार करायचं ठरलं, नोंदणीचा खर्च तिघांनी वाटून घेतला.

करार टाइप करणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, मिळकतीचा पत्ता सांगा." मी सांगितला. सोसायटीचं नाव, जिन्याखालची खोली, शरणपूर रोड, नाशिक.