‘लेन्स गेली’ म्हणण्यापूर्वी

गेम कन्सोल डिस्क आत घेतो, थोडी घरघर होते आणि डिस्क वाचता येत नसल्याची सूचना पडद्यावर येते. अशा वेळी बहुतेक घरांत एकच निदान होते: ‘लेन्स गेली.’ वाशिम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावात हे घाईचे निदान महागात पडते. कन्सोल उघडू जाणणारा कारागीर गावात सहसा मिळत नाही. यंत्र पिशवीत घालून वाशिम किंवा अकोला गाठावे लागते, आणि जाण्या-येण्याचा खर्च वाचावा म्हणून आधी घरगुती इलाज करून पाहिले जातात. मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान पुष्कळदा या इलाजांनीच होते.

बहुतेक गैरसमजांचे मूळ एका अडाख्यात आहे. डिस्कची चकचकीत बाजू म्हणजे गेम, आणि चित्र छापलेली बाजू म्हणजे नुसते वेष्टण, असे धरले जाते. माहिती मात्र चकचकीत पृष्ठभागावर नसते. ती पारदर्शक प्लास्टिकच्या आत एका अतिपातळ परावर्तक थरात असते. लेझरचा किरण प्लास्टिकमधून त्या थरापर्यंत जातो, परावर्तित होतो, आणि परतलेल्या प्रकाशातील चढउतारांवरून यंत्र माहिती ओळखते. हा थर किती खोल आहे, हे डिस्कच्या प्रकारावर अवलंबून असते. सगळ्याच डिस्कना बोलीत ‘सीडी’ म्हटले जाते, पण तीन प्रकारांत मोठा फरक आहे. तिन्हींची जाडी १.२ मिलिमीटरच असते. सीडीत मात्र माहितीचा थर थेट छापील बाजूखाली, लाखेच्या पातळ लेपाआड असतो. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि थर मधोमध राहतो. ब्लू-रेमध्ये तो चकचकीत बाजूपासून केवळ ०.१ मिलिमीटरवर असतो.

म्हणून ‘खालच्या बाजूला चरा पडला की डिस्क संपली, वरच्या बाजूने काही बिघडत नाही’ हे सीडीच्या बाबतीत जवळजवळ उलटे आहे. पहिल्या प्लेस्टेशनचे सर्व गेम आणि प्लेस्टेशन २ चे काही गेम सीडीवर येत. या डिस्कच्या छापील बाजूवर टोकदार वस्तूने ओरखडा उठला, तर परावर्तक थरच खरवडला जातो. गेलेला थर कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. डिस्क उजेडासमोर धरल्यावर त्यातून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर थर तिथे गेलेला आहे असे समजावे. याउलट चकचकीत बाजूचे बारीक चरे सीडी आणि डीव्हीडी बऱ्यापैकी सहन करतात, कारण लेझरचा केंद्रबिंदू पृष्ठभागावर नसून आतल्या थरावर असतो. पृष्ठभागावरचा चरा त्याला अंधूकच दिसतो.

टूथपेस्ट हा इलाजही याच चौकटीत पाहावा. टूथपेस्ट चरा भरत नाही. तिच्यातले बारीक घर्षककण चऱ्याच्या कडा घासून बोथट करतात. सीडी-डीव्हीडीवरच्या उथळ चऱ्याला त्याने कधी कधी फरक पडतो, आणि म्हणूनच हा इलाज टिकून आहे. प्लेस्टेशन ३ पासूनचे गेम मात्र ब्लू-रेवर येतात. त्यांच्या पृष्ठभागावर चरे पडू नयेत म्हणून एक कठीण लेप दिलेला असतो. टूथपेस्टने घासल्यास तोच निघतो आणि खाली ०.१ मिलिमीटरवर माहिती उरते. ब्लू-रेवर टूथपेस्ट कधीही लावू नये.

डिस्क पुसण्याची दिशा क्षुल्लक वाटते, पण तिच्यामागे पक्के कारण आहे. माहिती एका लांबलचक सर्पिल मार्गावर मांडलेली असते. सीडीत या मार्गाच्या दोन वळशांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीत ०.७४ आणि ब्लू-रेत ०.३२ मायक्रोमीटर असते. माहितीबरोबर चुका दुरुस्त करण्याचा मजकूरही लिहिलेला असल्याने मार्गाचा थोडा भाग झाकला गेला तरी यंत्र तो भरून काढते. सीडीत सलग सुमारे २.५ मिलिमीटर आणि डीव्हीडीत सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतची तूट अशी भरून निघते. मध्यापासून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक वळशाला आडवा छेदतो, त्यामुळे प्रत्येक वळशाचा अगदी छोटा तुकडा जातो. गोलाकार चरा मार्गाच्या बरोबर धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. गोल गोल पुसताना धुळीचा एखादा कण कापडात अडकला, तर नेमका हाच घातक चरा पडतो. मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. बोटांचा तेलकटपणा असेल तर साधे पाणी आणि द्रव साबणाचा एखादा थेंब पुरतो.

आता लेन्सकडे. ती खरोखर बिघडली आहे का, हे यंत्र न उघडताही बऱ्याच अंशी कळते. प्रत्येक प्रकारच्या डिस्कला वेगळ्या तरंगलांबीचा लेझर लागतो: सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल, ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. प्लेस्टेशन २ वर चंदेरी तळाचे डीव्हीडी गेम चालतात पण निळ्या तळाचे सीडी गेम चालत नाहीत, किंवा प्लेस्टेशन ३ वर डीव्हीडी सिनेमा लागतो पण गेम लागत नाही, असे दिसले तर डिस्क फिरवणारी मोटर ठीक आहे आणि संशय एका लेझरवर येतो. एकच गेम अडतो आणि बाकीचे चालतात, तेव्हा दोष डिस्कचा. एकही डिस्क फिरल्याचा आवाज येत नसेल, तर मोटर, पट्टा किंवा आत अडकलेली वस्तू तपासावी लागते. पाच-सहा डिस्क आलटून-पालटून लावण्याची ही परीक्षा फुकट आहे, आणि दुकानात जाण्याआधी ती करायलाच हवी.

डिस्क न चालण्याचे कारण कधी बिघाड नसतेच. प्लेस्टेशन ४ आणि ५ ला ऑडिओ सीडी वाचताच येत नाही. त्यात जुन्या गाण्यांची सीडी घालून ‘लेन्स गेली’ म्हणणे चूक आहे. प्लेस्टेशन २ च्या गेमना प्रदेशाचे बंधन होते. भारतात विकले जाणारे गेम पाल पद्धतीचे असत, त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकाने तिकडून आणलेला कोराकरकरीत गेमही इथल्या यंत्रावर चालत नसे. सिनेमांच्या डिस्कना आजही असे विभाग आहेत. भारत डीव्हीडीच्या विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेच्या विभाग सी मध्ये येतो.

घरी कॉपी केलेल्या डिस्कचा प्रश्न निराळा. त्यात कारखान्यात दाबून उमटवलेले खळगे नसतात, रंगद्रव्याच्या थरावर लेझरने उमटवलेल्या खुणा असतात. ऊन आणि उष्णता यांनी ते रंगद्रव्य कालांतराने बिघडते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात खिडकीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेल्या डिस्ककडून फार अपेक्षा ठेवू नये. अस्सल डिस्कही अशा जागी वाकते, आणि वाकलेल्या डिस्कवर किरण स्थिर ठेवताना लेन्सची दमछाक होते.

लेन्स खरोखर मळते, हे मात्र खरे आहे, आणि आसेगावच्या परिसरात त्याला कारणेही आहेत. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराची बारीक धूळ घराघरांत शिरते. टीव्हीजवळ देवघर असेल तर उदबत्ती-धुपाच्या धुराची चिकट पुटे वस्तूंवर बसतात. कूलरसमोर ठेवल्याने यंत्र थंड राहते हा समजही इथे घातक ठरतो. कूलर ओलसर हवा फेकतो, त्या ओलाव्याने धूळ चिकटते, आणि कन्सोलचा पंखा तीच हवा आत ओढतो. यंत्र कूलरच्या झोतापासून दूर, चारही बाजूंनी हवा खेळेल अशा जागी ठेवावे. यंत्र बंद असताना वरून कापड टाकावे, चालू असताना कधीही नाही.

लेन्स साफ करताना तोंडाने फुंकर मारल्यास थुंकीचे सूक्ष्म थेंब तिच्यावर बसतात. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनरने प्लास्टिकची लेन्स कायमची धुरकट होते. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये आणि झाकण वर उघडणाऱ्या बारीक प्लेस्टेशन २ मध्ये लेन्स समोरच दिसते. तिथे वायर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. लेन्स अतिशय नाजूक तारांवर तरंगती बसवलेली असते, जोर लावला तर ती वाकडी होते. लेझर पेटतो का हे डोळा जवळ नेऊन पाहणे धोक्याचे आहे आणि निरर्थकही, कारण सीडीचा अवरक्त लेझर चालू असूनही डोळ्याला जवळजवळ दिसत नाही.

‘यंत्र उलटे ठेवले की चालते’ हा तोडगा अनेकांना थट्टेचा वाटतो, पण तो पोकळ नाही. पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या यंत्रांत लेन्सची गाडी प्लास्टिकची होती आणि ती विजेच्या पुरवठ्याच्या उष्ण भागाजवळ होती. प्लास्टिक झिजून लेन्स कलत असे, आणि यंत्र उलटे किंवा उभे केल्यावर गुरुत्वाकर्षणाने ती थोडी सरळ होई. पुढच्या यंत्रांत सोनीने लेन्सच्या गाडीची जागाच बदलली. आजच्या कन्सोलवर हा तोडगा करण्यात अर्थ नाही. डिस्क फिरत असताना यंत्र उचलणे किंवा आडव्याचे उभे करणे तर थेट नुकसानाचे आहे. एक्सबॉक्स ३६० मध्ये असे केल्याने डिस्कवर गोल, खोल चरे पडल्याचे जगभर दिसून आले.

भारनियमनात वीज गेली की लेन्स जळते, हा समजही दुरुस्त करायला हवा. वीज गेल्यावर डिस्क आपोआप मंदावून थांबते. नुकसान झालेच तर ते बहुधा हार्ड डिस्कवरच्या नोंदींचे होते. प्लेस्टेशन ४ वर गेम डिस्कवरून हार्ड डिस्कवर उतरवला जातो आणि पुढे तिथूनच चालतो. डिस्क नंतर मुख्यतः मालकीचा पुरावा म्हणून लागते. उतरवणे अर्धवट राहिले तर येणारी चूक डिस्कच्या दोषासारखी भासते. बंद यंत्राचे चालू करण्याचे बटण दुसरा ‘बीप’ येईपर्यंत दाबून धरल्यास सेफ मोड उघडतो. तिथला ‘रीबिल्ड डेटाबेस’ हा पर्याय आधी वापरून पाहावा. प्लेस्टेशन ४ च्या पहिल्या पिढीत डिस्क आपोआप बाहेर येत असेल, तर तो दोष पुष्कळदा लेन्सचा नसून डिस्क बाहेर काढण्याच्या स्पर्शबटणाचा असतो. बटणाखालचा रबरी पाय फुगून वर दाब देतो आणि यंत्राला बटण दाबल्याचा भास होतो.

लेझरचा बारीक स्क्रू फिरवून ‘पॉवर वाढवून’ देणारेही भेटतात. तो स्क्रू म्हणजे लेझरला मिळणारा प्रवाह ठरवणारा रोधक. प्रवाह वाढवला की थकलेला लेझर काही आठवडे उजळतो, आणि मग कायमचा विझतो. जुना लेझर बदलणे हाच टिकाऊ उपाय आहे. मात्र प्लेस्टेशन ३ व ४ आणि एक्सबॉक्स ३६० या यंत्रांत डिस्क ड्राइव्हचा सर्किट बोर्ड त्याच यंत्राच्या मुख्य बोर्डाशी संकेताने जोडलेला असतो. दुसऱ्या कन्सोलचा आख्खा ड्राइव्ह बसवला, तर तो ठणठणीत असला तरी गेम वाचत नाही. म्हणून ड्राइव्ह बदलायला देताना जुना बोर्ड नव्या ड्राइव्हवर चढवायला सांगावे, आणि तो चढवल्याची खात्री झाल्याखेरीज दुकान सोडू नये.