सरडा किती पावलांवर पळतो?

निसर्गनिरीक्षण हा शब्द उच्चारला, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दुर्बीण, जंगलखात्याची परवानगी आणि वाघ ही त्रयी उभी राहते. आम्हांस येथे ज्या निरीक्षणाविषयी लिहावयाचे आहे, त्यास यांपैकी काहीच लागत नाही. सकाळी गावाबाहेरच्या टेकडीवर फिरावयास जाणाऱ्या प्रत्येकापाशी मोजमापाचे एक साधन असते. ते म्हणजे त्याची स्वतःची पावले. आणि मोजावयाचे ते इतकेच, की समोरचा प्राणी आपणांस किती जवळ येऊ देतो.

हे अंतर म्हणजे प्राण्याचा भित्रेपणा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो त्याचा हिशेब असतो. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. पण ज्याने ती प्रथम उच्चारली त्याची नजर चांगली असली पाहिजे. विणीच्या दिवसांत बागेतला नर सरडा कुंपणाचा किंवा फांदीचा एखादा तुकडा आपला म्हणून धरून बसतो. त्याचे डोके तांबडे होते, आणि तालमीत जोर काढावेत तसा तो पुढच्या पायांवर अंग खालीवर करतो. दुसऱ्या नराला हा इशारा असतो आणि मादीला निमंत्रण. अशा वेळी आपण जवळ गेलो, तर त्याच्यापुढे पेच पडतो. थांबावे तर जिवाला धोका. पळावे तर जागा, भक्ष्य आणि मादी तिघांवरही पाणी सोडण्याची पाळी. थांबण्यातला धोका पळण्यातल्या नुकसानीहून जड झाला, की तो पळतो. आपल्या आणि त्याच्यामध्ये त्या क्षणी जितकी पावले असतील, तितके त्याच्या भीतीचे माप.

माप खरे यावयाचे, तर थोडी पथ्ये पाळली पाहिजेत. सरळ त्याच्या रोखाने चालत गेल्यास तो लवकर पळतो, बाजूने निघून जाणाऱ्याची तितकी पर्वा करीत नाही. म्हणून चालण्याची रीत रोज एकच असावी. वेळही शक्यतो एकच ठेवावी, कारण सरड्याचे अंग उन्हाने तापते, आणि गारठलेल्या सरड्याला वेगाने धावता येत नाही. बीळ किंवा झुडूप जवळ असेल तर तो अधिक वेळ थांबतो, हेही टिपून ठेवावे. पक्ष्यांच्या बाबतीत हाच प्रयोग करता येतो. तळ्याकाठी दुरूनच उडणारा गायबगळा नांगरामागून मात्र औताला जवळजवळ चिकटून चालतो. नांगरटीतून वर येणाऱ्या किड्यांनी त्याचा हिशेब बदललेला असतो. एक अपवाद मात्र अवश्य करावा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर तिची अंडी अथवा पिल्ले जवळच उघड्या जमिनीवर आहेत असे समजावे, आणि मोजमाप सोडून मागे फिरावे.

एवढ्या साध्या मापाने काय साधते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साताऱ्यानजीकच्या चाळकेवाडीच्या पठारावर मिळते. तेथे पंख्यासारखा गळा फुलवणारा एक लहानसा सरडा राहतो. उन्हाळ्यात नर दगडावर चढून गळ्याखालची घडी उघडतो, आणि निळा, काळा व नारिंगी असे तीन रंग उन्हात झळकतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांसाठी नवी प्रजाती निश्चित केली आणि तिला आपल्या मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ हे नाव दिले. याच पठारावर पवनचक्क्याही आहेत. संशोधकांनी चक्क्यांचा भाग आणि चक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली व ती २०१८ साली प्रसिद्ध केली. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी फार कमी आढळले, आणि सरडे संख्येने अधिक. ते सरडे माणसाला कितीतरी जवळ येऊ देत. डोक्यावरची घार-ससाण्यांची भीती सरल्यावर त्यांचा हिशेबच पालटला होता. पण ही चैन फुकटची नव्हती. दाटी झाल्यामुळे ते अंगाने रोड होते आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके होते. आकाशात फिरणाऱ्या पात्यांचा परिणाम जमिनीवरच्या वीतभर प्राण्याच्या गळ्यापर्यंत कसा पोचला, हे कळले. आणि ते कळण्याच्या साधनांत माणसाने त्याच्या दिशेने चालत जाणे हेही एक होते.

हा सरडा उघड्या, खडकाळ माळावर राहतो. नराचा रंगीत गळा दुरून दिसावयाचा तर मध्ये आडोसा असून भागत नाही. आपण मात्र अशा जमिनीला पडीक म्हणतो, ओसाड म्हणतो, आणि पावसाळा आला की मोठ्या उत्साहाने तेथे खड्डे खणून रोपे लावतो. झाडे लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्या माळावर खड्डे खणावयाचे, तेथे आधी कोण राहते याची चौकशी न करता दाट झाडी उभी करणे म्हणजे बिऱ्हाड न विचारता घर पाडण्यासारखे आहे. ही चौकशी करावयास तज्ज्ञांची समिती प्रत्येक गावाला मिळणार नाही. रोज फिरणारे दहा-पाच नागरिक मात्र सर्वत्र असतात, आणि त्यांच्या वहीतल्या नोंदी माळ तोडण्यापूर्वी नगरपालिकेपुढे ठेवता येतात.

वहीत फार लिहावे लागत नाही. तारीख, वेळ, ऊन की ढग, जागा, प्राणी, पावले. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. ‘मागच्या पायाला चारच बोटे’ एवढी नोंदसुद्धा जाणकाराला पुरते, कारण पंख्याच्या गळ्याचा सरडा बागेतल्या सरड्यापासून तेवढ्यानेही वेगळा ओळखू येतो. सुरुवात आताच करावी हे बरे. पाऊस पडून गवत वर आले, की दगडावरचे ते नर दिसेनासे होतात आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहावी लागते.