डोंगराच्या अलीकडे, डोंगराच्या पलीकडे

लोकशाहीत आदिवासींना स्थान आहे काय, असे विचारले की आपण चटकन राखीव जागांचा दाखला देतो. तो खोटा नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. नाशिक जिल्ह्यातील कळवण, बागलाण, दिंडोरी व इगतपुरी या जागा त्यांतल्याच. परंतु आपला माणूस निवडून जाणे वेगळे आणि आपल्या वाडीचा निर्णय आपण घेणे वेगळे.

मी सिन्नर तालुक्यातील एका ठाकरवाडीचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. डोंगरापलीकडे, इगतपुरी तालुक्यात आमचे सोयरे आहेत. बोली एक, देव एक. कायदा मात्र निराळा! कारण त्यांचे गाव घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे ठरलेल्या अनुसूचित क्षेत्रात येते. सिन्नर तालुका त्यात नाही.

या फरकाने काय होते? ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तिच्यातील पंचायतीच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू नव्हत्या. म्हणून संसदेने १९९६ साली ‘पेसा’ कायदा केला व महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली काढले. तेथे सरपंचपद आदिवासींसाठीच असते आणि पंचायतीच्या निदान निम्म्या जागाही त्यांच्याच. शिवाय पाड्यावरील लोक ठराव करून, रीतसर मान्यता मिळवून, आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतात. मग त्या पाड्याची ग्रामसभा पाड्यातच भरते.

आमच्याकडे लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात आणि सरपंचपदाचे आरक्षण फिरते असते. वाडीचा एक सदस्य पंचायतीत बसतो. ग्रामसभा मात्र मोठ्या गावात भरते. तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. वाडीच्या पाण्याचा विषय शेवटी निघतो, तोवर आमची माणसे परतीच्या वाटेला लागलेली असतात. प्रोसिडिंगमध्ये आमचा शब्द उमटत नाही, तो असा.

मग आम्ही हात जोडून बसावे काय? तसे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याला ही सीमा आडवी येत नाही. त्यानुसार ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते व तिच्यात निदान दोनतृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे असावे लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने याच कायद्याने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो लोक पायी गेले, त्यांत आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. कायदा आहे, पण तो चालवायला माणसे लागतात, हेच यावरून दिसते.

वाड्यावस्त्यांवरून कॉलेजात आलेल्या मित्रमैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे: ग्रामसभेची नोटीस निघाली की ती वस्तीवर वाचून दाखवा. आपला विषय लेखी द्या. सभेत शेवटपर्यंत बसा, आणि ठराव लिहिला गेला की नाही हे पाहूनच उठा.

— द्वितीय वर्ष, कला