पडद्याचा फोटो

ग्रामीण रुग्णालयातल्या या खोलीच्या खिडकीला काळं कापड ठोकलंय आणि दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबलीय. हा अंधार बाहुलीसाठी. थेंब न घालता डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा तर बाहुली आपणहून मोठी व्हावी लागते. उतारवयातल्या, त्यातही जुनी शुगर असलेल्या पेशंटची बाहुली मात्र अंधारालाही फारशी दाद देत नाही.

"मला लांबचं, जवळचं सगळं दिसतंय," खुर्चीत बसता बसता काकांनी सांगून टाकलं. "एसटीचा बोर्ड नाक्यावरून वाचतो." नेत्र चिकित्सा अधिकारी मॅडम वाद घालत नाहीत. "हनुवटी इथं टेका काका. कपाळ पट्टीला लावा. हिरवा ठिपका दिसला? त्याच्याकडंच बघा." तोवर स्क्रीनवर काळंपांढरं चित्र हलत असतं. कॅमेरा आधी अवरक्त किरणांत बघतो. ते आपल्याला दिसत नाहीत, म्हणून बाहुलीही आकसत नाही. चित्र स्थिर झालं की फ्लॅश. काका दचकतात. एका डोळ्यावर उजेड पडला तरी बाहुल्या दोन्ही आकसतात, त्यामुळे दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा थांबणं आलं. लांबलेली रांग बाहेर कुरकुरतेय.

स्क्रीनवर नारिंगी गोल उमटतो. नाकाच्या बाजूला फिकट पिवळी चकती, तिथून मेंदूकडे नस जाते. मधोमध गडद भाग, तो मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं सगळं त्याच्या जिवावर. मॅडम चित्र हिरव्या रंगात बदलतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून नारिंगीत लपलेले लाल ठिपके आता काळे होऊन वर येतात. बारीक ठिपके म्हणजे केशवाहिन्यांच्या भिंतींना आलेले फुगे, मोठे डाग म्हणजे झिरपलेलं रक्त. मग त्या परत मूळ रंगावर येतात आणि मॅक्युलाजवळच्या, धारदार कडांच्या पिवळ्या कणांपाशी थांबतात. गळक्या वाहिन्यांतून बाहेर पडून साचलेली ही चरबी. सपाट फोटोत सूज मोजता येत नाही. पण चरबी मॅक्युलाच्या इतक्या जवळ असेल तर सुजेचा संशय घ्यायचा आणि पडद्याच्या थरांचा छेद दाखवणाऱ्या ओसीटीला पाठवायचं. हे सगळं आहे एसटीचा बोर्ड वाचणाऱ्या डोळ्यात.

हे ठिपके आता यंत्रही वाचतं. गूगलच्या संशोधकांनी 2016मध्ये सव्वा लाखाहून जास्त फोटोंवर शिकवलेल्या यंत्राचे निकाल प्रसिद्ध केले. त्यातले काही फोटो भारतातल्या नेत्ररुग्णालयांचे होते. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलवरच, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या अशा यंत्राची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2019मध्ये आले. वाचन चांगलं होतं. मला मात्र या खोलीत बसल्यावर वाटलं, की खरी अडचण वाचनाच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

अलीकडे म्हणजे, फोटोच धड येत नाही. मोतीबिंदू असला की सगळं धुरकट. मग थेंब घालायचे, बाहुली मोठी होईस्तोवर वीसेक मिनिटं बसायचं, आणि पुढचे काही तास जवळचं अंधुक. काकांच्या नंतरचा गडी थेंबाचं नाव निघताच उठला. "मी मोटारसायकलवर आलोय, परत कसा जाऊ?" रास्त प्रश्न आहे. आवताण देताना आशाताईंना हे सांगायला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि पलीकडे म्हणजे फोटोनंतरचं. किती फोटो निघाले याचा आकडा अहवालात जातो. त्यातले किती जण लेझरपर्यंत किंवा इंजेक्शनपर्यंत पोचले, हा रकाना मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मॅडमनी तो वहीत हातानं आखून घेतलाय. त्यात काकांचा नव्हे, सुनेचा नंबर लिहिलाय. काका फोन उचलत नाहीत.

"पण मला तर दिसतंय की," काका स्क्रीनकडं बघत पुन्हा म्हणाले.

"दिसतंय तोवरच जायचं असतं, काका. गेलेली नजर परत आणणं अवघड. सोमवारी जिल्हा रुग्णालयात जा, पोराला बरोबर न्या. थेंब घालतील."

"सोमवारी बाजार असतो."

"मग मंगळवारी," मॅडम म्हणाल्या आणि वहीत मंगळवार लिहिला.